भाषेत अडखळणारं मूल आणि गल्लीतला सितोलिया: इंदुरातल्या नव्या पालकांसाठी

शाळेच्या डायरीत पहिला शेरा आला तेव्हा आमचा धाकटा साडेचार वर्षांचा होता: 'मुलांना ढकलतो.' तीन आठवड्यांनी दुसरा आला: 'कुणात मिसळत नाही, एकटा बसतो.' एकच मूल एकाच महिन्यात दांडगंही आणि बुजरंही कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. ढकलल्याबद्दल आम्ही त्याला रागावलो, आणि एकटा बसतो म्हणून नेहरू पार्कात नेऊन पोरांच्या घोळक्यात सोडून दिलं. दोन्ही उपाय अंगाशी आले.

आता तो नऊ वर्षांचा आहे. लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, कुठून ना कुठून ओळखीतून फोन येतो, "तुमच्याकडे पण असंच होतं ना?" प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. मी हिशेबनीस आहे, डॉक्टर नाही. औषधपाण्याचं इथे काही मिळणार नाही. कुठे कुठे चकलो ते मिळेल.

आधी एवढं समजून घ्या

काही मुलांना ऐकू नीट येतं, समज चांगली असते, तरी भाषा बसत नाही. वाक्यं तुटक येतात, ऐनवेळी शब्द आठवत नाही, लांब सूचना अर्ध्यात निसटते. याला आता डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, थोडक्यात डीएलडी म्हणतात. डॉरोथी बिशप यांच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी २०१७ च्या सुमारास हे नाव पक्कं केलं. जुन्या कागदांवर 'एसएलआय' (स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट) दिसेल. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका मोठ्या पाहणीत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण साधारण साडेसात टक्के निघालं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं. तरी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर.

वागण्याचा आणि भाषेचा संबंध मला एका जुन्या अभ्यासामुळे कळला. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात मेबल राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली मुलं कोण कोणाशी बोलतं हे टिपलं होतं. १९९१ साली त्यांनी मांडलं, की भाषेत मागे असलेली मुलं बरोबरीच्यांपेक्षा मोठ्या माणसांकडे जास्त वळतात, आणि चांगलं बोलणारी मुलं बोलायला आपल्यासारखीच मुलं निवडतात. बाईंच्या पदराला चिकटून राहणारं मूल लाडावलेलं असतं असं आपण म्हणतो. बाई थांबून ऐकतात आणि पोरं थांबत नाहीत, एवढंच ते ओळखून असतं. पण पोरांशी बोलणं कमी झालं की भाषेचा सरावही कमी होतो, आणि गाडं आणखी मागे पडतं.

१. पंधरा दिवस रोजमेळ लिहा

डॉक्टरकडे पळण्याआधी एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, पुढे काय झालं. नावे-जमेसारखं, जे दिसलं तेवढंच. 'हट्ट केला', 'उद्धटपणा केला' असली विशेषणं या वहीत चालत नाहीत. आमच्या वहीतली एक ओळ अशी: 'आत्याच्या मुलीने सायकल घेतली. तो दोनदा "अं, अं" म्हणाला. तिने पाहिलं नाही. ढकललं. ती रडली, सगळे त्याला रागावले.'

अशा दहा-बारा नोंदी झाल्या की पॅटर्न आपोआप दिसतो. आमच्याकडे ढकलण्याआधी जवळजवळ दर वेळी तो काहीतरी मागत होता किंवा नाकारत होता, आणि समोरच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. एकटं बसणं मात्र कुणी नवा नियम सांगायला लागलं की सुरू व्हायचं. दोन्ही शेऱ्यांचं मूळ एकच निघालं.

याच वहीत शेवटच्या पानावर जमेची बाजू लिहा. कोणाबरोबर तो हसतो, कोणत्या खेळात टिकतो, दिवसातल्या कुठल्या वेळी जास्त बोलतो. ही यादी पाचव्या पायरीला लागेल.

२. कान तपासा, घरचा कौल मानू नका

"हाक मारली की वळतो की!" हे आम्हीही म्हणत होतो. सर्दी वरचेवर होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं. तेव्हा मोठा आवाज कळतो, पण शब्दातलं 'स' आणि 'श' पुसट होतं. शिवाय हे कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून चाचणी करून घ्या. लहानग्यांसाठी ओएई आणि बेरा, पडद्यासाठी टिम्पॅनोमेट्री, आणि मूल सूचना पाळण्याएवढं झालं की हेडफोन लावून करतात ती पीटीए. बेराला मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा. आम्ही मुलाला गाडीत झोपू दिलं आणि दवाखान्यात तो टक्क जागा. एक पूर्ण फेरी वाया.

३. योग्य माणसाकडे जा, हात हलवत जाऊ नका

बालरोगतज्ज्ञाला विकासाच्या दृष्टीने तपासायला सांगा. ऑटिझमची शंका असेल तर तीही याच वेळी फेडून घ्या. त्या शब्दाला घाबरून चाचणी टाळणारे पालक मी पाहिलेत, त्यात मुलाची वर्षं जातात. ढोबळ फरक असा सांगतात, की डीएलडी असलेल्या मुलाला खेळात यायचं असतं, वाट सापडत नाही. पण या ओळीवरून घरी निदान करत बसू नका, भाषेची अडचण ऑटिझमबरोबरही असू शकते.

स्पीच थेरपिस्ट निवडताना डिग्री आणि आरसीआयची नोंदणी विचारा. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याने आलेली. पदवी बहुतेक बीएएसएलपी असते, म्हणजे कान आणि वाचा-भाषा या विषयांतली. विचारायला लाजू नका, सीएचा सदस्य क्रमांक आपण विचारतोच ना. खाजगी परवडत नसेल तर सरकारी वाट आहे: २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात भाषेचा उशीरही येतो, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडी किंवा सरकारी दवाखान्यात या कार्यक्रमाचं पूर्ण नाव घेऊन विचारा. नुसतं "मुलगा बोलत नाही" म्हटलं की "बोलेल हो" असं उत्तर येतं.

मराठीतून सविस्तर तपासणी हवी असेल तर मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी मुंबई.

सोबत न्यायची पिशवी:
- जन्मदाखला, मुलाचं आणि तुमचं आधार, समग्र आयडी
- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (कावीळ, वजन, काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर तो कागद)
- लसीकरणाचं कार्ड
- कानाच्या चाचण्यांचे सगळे अहवाल, जुने असले तरी
- शाळेच्या डायरीतल्या शेऱ्यांची झेरॉक्स
- तुमचा रोजमेळ
- दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ: घरच्यांशी बोलताना, एका मुलाबरोबर खेळताना, घोळक्यात

शेवटची वस्तू विसरू नका. दवाखान्यात आमचा मुलगा तासभर एक शब्द बोलला नाही, व्हिडिओनेच अब्रू राखली.

४. मराठी सोडू नका

हा सापळा आपल्यासाठी खास आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. पहिल्याच ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, "एकच भाषा ठेवा, घरी हिंदी बोला." आम्ही सहा महिने प्रयत्न केला. आजीचं हिंदी म्हणजे 'वो उधर ठेव दे'. ती हळूहळू त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. घरात जे एक माणूस त्याच्याशी तासन्‌तास बोलायचं तेच गप्प झालं.

भाषा जास्त झाल्या म्हणून हा दोष होत नाही. कॅनडात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या अशा मुलांचा अभ्यास २००३ साली झाला. एकच भाषा बोलणाऱ्या, तोच त्रास असलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या चुका जास्त निघाल्या नाहीत. अडचण खरी असेल तर ती सगळ्या भाषांत दिसते. म्हणून थेरपिस्ट हिंदीभाषक असेल तर मूल मराठीत काय काय म्हणतं त्याची यादी द्या. त्याला 'चमचा' मराठीत येतो आणि 'कुत्ता' हिंदीत येतो, तर ते दोन शब्द धरायचे. 'पाणी सांडला' ही चूक भाषेच्या दोषाची, का हिंदी-मराठीच्या खिचडीची, हे ठरवायला त्यांना तुमचीच मदत लागेल. खिचडी तर इंदुरात धडधाकट माणसंही करतात, मी स्वतः 'चालू राहिलो आहे' म्हणतो आणि पुण्याची वहिनी हसते.

५. खेळात शिरायचं कसं ते शिकवा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घाला. शब्द थेरपीत येतात, मित्र गल्लीतच मिळतात.

आधी एकच मूल. जमेच्या पानावरचं, ज्याच्याबरोबर तो हसतो ते. तुमच्या घरी बोलवा, पाऊण तासापुरतं, आणि कामही असं ठेवा ज्यात बोलणं कमी नि हात जास्त: कॅरम, ब्लॉक, मातीचा गणपती. खाऊ शेवटी ठेवा. खेळ रंगात असतानाच आवरा. भांडणावर संपलेला दिवस दोघांच्याही लक्षात राहतो. तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा. मध्ये येऊन "बोल ना त्याच्याशी" म्हणू नका. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की तो ते ऐकलं की तोंड मिटायचा.

दोन-तीन महिने असं गेल्यावर घोळका. त्यासाठी खेळाची भाषा आधी घरी शिकवावी लागते. पुण्याची पोरं राज्य घेतात, इंदुरची पोरं दाम देतात. लगोरी म्हटलं तर गल्लीत कुणाला कळत नाही, इथे तो सितोलिया. लपाछपीत मागून येऊन पाठीवर थाप मारली की 'धप्पा'. हे शब्द पुस्तकात नाहीत, थेरपीच्या चित्रांत तर नाहीतच, आणि पोरं नियम सांगतात ते एका श्वासात, तेही तिघं एकदम. मी एक संध्याकाळ बाल्कनीत उभा राहून खाली पोरं काय काय ओरडतात ते लिहून घेतलं. पंधरा-सोळा शब्द निघाले. मग गच्चीवर फरशीचे सात तुकडे रचून आम्ही दोघं रोज दहा मिनिटं खेळलो, प्रत्येक शब्द त्याच क्षणी म्हणत: चेंडू मारताना, रचताना, पळताना. तीन आठवड्यांनी तो खाली गेला तेव्हा खेळ नवा नव्हता, फक्त पोरं नवी होती.

शिरण्याची रीत अशी शिकवा:

क) आधी कडेला उभं राहून बघायचं. कोणाचा दाम आहे, चेंडू कोणाकडे आहे. एक पूर्ण डाव.

ख) मग शेजारी तेच करायचं. चेंडू लांब गेला तर आणून द्यायचा, पडलेले तुकडे गोळा करायचे.

ग) मग खेळाशी जुळणारं एकच छोटं वाक्य. "मैं भी खेलूँ?" हे नको. त्याला "नहीं" म्हणणं फार सोपं असतं. "बॉल मैं लाता हूँ" किंवा "दाम मैं दूँगा" याला पोरं नाही म्हणत नाहीत. आपणहून दाम घेणारा कुणाला नको असतो! आमच्या धाकट्याने पहिला महिनाभर दामच दिला. हिला वाईट वाटलं, मला वाटलं नाही. तो रोज खाली जात होता.

घ) नाही म्हटलंच तर काय करायचं हेही घरीच ठरवून ठेवा. आमचा करार: ढकलायचं नाही, वर यायचं, आणि आपण दोघं सायकल काढायची.

बिघडतं कुठे, तर मूल आपल्यापेक्षा लहान पोरांत रमायला लागतं. सात वर्षांचं मूल चार वर्षांच्यांत राजा असतं, तिथे कोणी चूक काढत नाही. खेळू द्या, पण आठवड्यातून दोनदा तरी बरोबरीच्यांत नेत राहा. दुसरं टोक म्हणजे त्याचं बोलणं दादा किंवा ताईने बोलणं. आमची मोठी इतकी तत्पर होती की तो तोंड उघडायच्या आत ती "याला पाणी पाहिजे" सांगून मोकळी. तिला समजवायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

६. भांडण झाल्यावर

मूल रागात असताना "काय झालं सांग" विचारू नका. शांत असताना जे वाक्य जुळत नाही ते रडताना कसं जुळेल? आणि तोवर दुसरं मूल, ज्याला फर्डं बोलता येतं, आपली बाजू सांगून मोकळं झालेलं असतं. आमच्या मुलाला कितीतरी शिक्षा केवळ दुसऱ्याची बाजू आधी पोचली म्हणून झाल्या.

पाणी द्या, थांबा. अर्ध्या तासाने कागदावर तीन चौकोन काढा आणि काडीची माणसं: आधी, मध्ये, शेवटी. प्रत्येकाच्या डोक्यावर फुगा, त्यात तो काय म्हणाला. फुगा रिकामा राहिला तिथे बोट ठेवून विचारा, "इथे काय म्हणायचं होतं?" जे सापडेल ते छोटं करून पाठ करवून घ्या: "मला दे", "थांब, माझा नंबर", "मला नाही आवडलं", आणि त्याचंच हिंदी. 'सॉरी म्हण' एवढ्यावर सोडलंत तर तो सॉरी म्हणायला शिकतो आणि पुन्हा ढकलतो.

वाक्प्रचारांवरूनही भांडणं होतात. "डोकं खाऊ नकोस," असं आजोबा म्हणाले तर हा रडकुंडीला येऊन "मी नाही खाल्लं!" वर्गातल्या थट्टेचंही तेच, चिडवणं आणि गंमत त्याला सारखीच वाटते. घरातल्या घरात रोज एक-दोन म्हणी उलगडून सांगत चला, हसत हसत.

७. शाळेशी बोलताना

तोंडी बोलून येऊ नका, एक पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात निदानाचे मोठे शब्द नकोत, चार मागण्या पुरेत: पुढच्या बाकावर जागा; सूचना एका वेळी एक आणि फळ्यावरही; उत्तराला दहा सेकंद जास्त; गटकार्यात ठरलेला एक शांत जोडीदार. भांडणात त्याची बाजू दहा मिनिटांनी, चित्र काढून विचारावी, हे मात्र समोर बसून सांगा, कागदावर ते विचित्र दिसतं. मैम तरुण असेल तर पटकन समजते असा माझा अनुभव. एका ज्येष्ठ बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सब बच्चे ऐसे ही होते हैं." दर महिन्याला जात राहिलो.

या मुलांना त्रास दिला गेला तर ती घरी सांगत नाहीत, सांगता येत नाही. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला आयुष्यभर 'काही नाही' हेच उत्तर मिळेल. "डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?", "व्हॅनमध्ये मागे कोण होतं?" असं विचारा. पेन्सिली रोज हरवत असतील, डबा न खाता परत येत असेल, रविवारी रात्री पोट दुखत असेल तर वहीत लिहा आणि शाळा गाठा.

८. पाहुणे, गणपती, गेर

"बाळ, नाव काय तुझं? पाढे म्हणून दाखव" हा आपला जुना खेळ बंद करा. पाहुण्यांना आधीच फोनवर सांगा की प्रश्न विचारू नका, त्याच्याबरोबर काहीतरी करा. आरतीत झांजा त्याच्याकडे द्या. झांज वाजवणाऱ्याला कोणी बोल म्हणत नाही आणि तो घोळक्याच्या मधोमध असतो. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर न्यायची घाई करू नका, त्या गोंगाटात आपल्यालाच शेजारच्याचं ऐकू येत नाही.

९. प्रमाणपत्राचे कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातला 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' हा प्रकार स्वरयंत्र काढल्याने किंवा मेंदूच्या इजेसारख्या कारणाने आलेल्या कायमच्या अडचणीसाठी आहे, त्यात आपली मुलं सहसा बसत नाहीत. पण 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकाराच्या व्याख्येत बोललेली भाषा समजण्यातली अडचणही धरली आहे, आणि डिस्लेक्सियाबरोबर 'डेव्हलपमेंटल अफेझिया' हे नाव छापलेलं आहे. लिहिण्या-वाचण्यातही मूल मागे पडत असेल तर या रकान्याखाली विचारा. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर होतो. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसईच्या बोर्डाच्या तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो. नववीत धावपळ करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच फाईल लावून ठेवा, आणि प्रत्येक अहवालाच्या तीन झेरॉक्स.

१०. पुन्हा केव्हा जायचं

थेरपी संपली म्हणून वही बंद करू नका. तिसरी-चौथीत गोष्ट सांगणं, विनोद, गुपितं सुरू होतात आणि सुटलेली गाठ पुन्हा दिसते. तेव्हा एकदा तपासून घ्या. मूल घरी बोलतं पण शाळेत महिनाभर एक शब्द बोलत नाही, तर ती वेगळी गोष्ट आहे, तिला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात; बोलायला भाग पाडू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आणि आलेले शब्द जायला लागले, काल समजत होतं ते आज समजेनासं झालं, तर स्पीच थेरपीच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. कधी कधी त्यामागे झोपेतली फिट असते, वरून काही दिसत नाही. मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा, ईईजी लागेल का ते विचारा, आणि शेवटचा चांगला व्हिडिओ कोणत्या तारखेचा आहे ते सोबत लिहून न्या.